फ्लूची लस, प्रोबायोटिकचं पाकीट आणि आमचे आप्पा

केळीबागेची_लेक (धागाकर्ती), 4 मे, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, माहेर रावेर तालुक्यातलं. आप्पा 71 वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून शुगर आहे आणि दर पावसाळ्यात छाती भरते. मागच्या ऑगस्टमध्ये फ्लू झाला, तो न्यूमोनियावर गेला आणि जळगावला आठ दिवस ॲडमिट करावं लागलं. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा 88 वरून 91 झाला की मी बाहेर जिन्यात येऊन आईला फोन करायचे. ते आठ दिवस मला पुन्हा नकोत.

म्हणून यंदा पावसाआधी फ्लूची लस द्यायचीच असं ठरवलं. डॉक्टरांनी चिठ्ठीही दिली. काल भाऊ लशीची चौकशी करायला मेडिकलवर गेला, तर दुकानदाराने प्रोबायोटिकच्या (पोटाला चांगल्या म्हणतात त्या जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूलचं महिन्याचं पाकीट समोर ठेवलं. म्हणे, आधी पंधरा दिवस या घ्या, मग लस टोचा, असर डबल होतो. पाकीट 900 रुपयांचं. भावाने घेतलंही.

आप्पांना निमित्तच हवं होतं. "मले काय धाड भरली? आधी गोळ्या होऊ दे, मग पाहू सुईचं," म्हणून बसलेत. पंधरा दिवस म्हणजे मे संपत आला. पुढे मृगबागेची लागवड, तेव्हा ते घरात सापडत नाहीत. मग पाऊस.

मला एवढंच विचारायचंय की या कॅप्सूलने लशीचा असर खरंच वाढतो का? आणि वाढत असेल तर त्यासाठी लस पुढे ढकलावी इतका वाढतो का? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा, मी आप्पांना वाचून दाखवणार आहे.

मेहरूणची_बोरं, 4 मे, रात्री 9:48

ताई, आधी लस. आमच्या काकांचं असंच "पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात" करत राहून गेलं होतं. बाकी जाणकार सांगतीलच.

पांझराकाठ, 4 मे, रात्री 11:35

मी धुळ्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. औषधोपचाराचा सल्ला तुमचे डॉक्टर देतील, मी या विषयातलं संशोधन काय म्हणतं ते लिहितो. जरा लांबेल.

दुकानदाराचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पोटातले जिवाणू आणि दंडावर टोचलेली लस यांचा संबंध आहे, आणि तो चांगला अभ्यासलेला आहे. आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची मोठी वस्ती असते. तिथल्या जिवाणूंच्या अंगावरचे रेणू त्या पेशी सतत चाचपत असतात. जिवाणूंना पोहायला जी शेपटी असते ती फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते, आणि ती ओळखणारा टीएलआर5 नावाचा एक ग्राही (रेणू ओळखून पकडणारं प्रथिन) आपल्या पेशींवर असतो. 2014 साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की ज्या उंदरांमध्ये हा ग्राही नाही, त्यांच्यात फ्लूच्या लशीनंतर प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) कमी बनतात. ज्यांच्या पोटात जन्मापासून जिवाणूच नाहीत अशा उंदरांचंही तेच झालं. त्यांना शेपटीवाले जिवाणू पाजल्यावर प्रतिसाद सुधारला. म्हणजे पोटातली ही वस्ती लशीला पाठबळ देते, हे उंदरांपुरतं तरी पक्कं आहे.

आता माणसांकडे येऊ. 2007 साली स्पेनमध्ये 50 जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना लशीच्या दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर लॅक्टोबॅसिलस फर्मेंटमचं एक वाण दिलं. त्यांच्यात फ्लूविरुद्धचं आयजीए नावाचं प्रतिपिंड जास्त बनलं आणि पुढच्या पाच महिन्यांत फ्लूसारखी आजारपणंही कमी झाली. 2009 साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आधी 86 आणि मग 222 जणांवर, सगळे सत्तरीपुढचे. त्यांच्यातल्या काहींना लशीच्या चार आठवडे आधीपासून, पहिल्या चाचणीत एकूण 7 आणि दुसरीत 13 आठवडे, रोज आंबवलेल्या दुधाचं प्रोबायोटिक पेय दिलं होतं. तिथे प्रतिपिंडं वाढली, पण ठळक फरक मुख्यतः बी प्रकारच्या विषाणूविरुद्ध दिसला. 2011 साली अमेरिकेत 42 तरुणांपैकी काहींना नाकात फवारायच्या लशीसोबत लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं. 28 व्या दिवशी फ्लूच्या एच3एन2 या प्रकाराविरुद्ध संरक्षक पातळी गाठणारे 84 टक्के निघाले, नुसतं दिखाऊ औषध घेतलेले 55 टक्के. उरलेल्या प्रकारांत मात्र तसा फरक नव्हता.

इथवर वाचलं तर कुणीही पाकीट विकत घेईल. पण नंतर मोठ्या चाचण्या आल्या. बेल्जियममध्ये अँटवर्प भागातल्या 53 वृद्धाश्रमांतल्या 737 जणांपैकी साधारण निम्म्यांना सुमारे सहा महिने लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा हे वाण दिलं. लशीच्या प्रतिसादात फरक नाही, सर्दी-खोकल्यातही नाही. आणि 2015 साली जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये 18 ते 60 वयाच्या 1104 जणांवर केसी 431 या वाणाची चाचणी झाली. लशीच्या तीन आठवडे आधी आणि तीन आठवडे नंतर दिलं. प्रतिपिंडांमध्ये काहीही फरक पडला नाही. याच वाणाने आधी 211 जणांच्या चाचणीत फरक दाखवला होता, हे लक्षात घ्या. या मोठ्या चाचणीमागे वाण विकणारी कंपनीच होती, तरी निकाल नाही म्हणून आला आणि छापला गेला. म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

तर ताई, "डबल" हा शब्द कुठल्याच चाचणीतून निघत नाही. काही वाणांनी, काही वयाच्या लोकांत, काही विषाणूंविरुद्ध थोडी भर पडलेली दिसते, एवढंच. आप्पा शेतकरी आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. लस म्हणजे बी. प्रोबायोटिक फार तर जमिनीतली थोडी जास्तीची ओल. ओलीची वाट पाहत कुणी पेरणीच चुकवत नाही.

शहाद्याची_सिस्टर, 5 मे, सकाळी 7:10

पांझराकाठ सरांनी छान लिहिलं. मी लसीकरणाचं काम करते म्हणून कामाच्या गोष्टी सांगते.

लस टोचली की लगेच कवच तयार होत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि छोटी जानेवारी-मार्चच्या सुमारास. म्हणून मे हाच योग्य महिना. जून उजाडू देऊ नका.

खोक्यावर एसएच (दक्षिण गोलार्ध) किंवा एनएच (उत्तर गोलार्ध) आणि वर्ष छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. मे महिन्यात यंदाचं वर्ष छापलेलं एसएच मागा. मागच्या हंगामाचा उरलेला माल नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे आत्ता 44 डिग्री असेल. ही लस 2 ते 8 डिग्रीत राहिली पाहिजे. भावाला जळगावहून पिशवीत घालून मोटरसायकलवर आणायला लावू नका. काही जण उलट करतात, थर्मासमध्ये बर्फाचे खडे भरून त्यातच सिरिंज खुपसून आणतात. ही लस गोठली तरी वाया जाते, आणि वरून बघून ते कळत नाही. आमच्या व्हॅक्सिन कॅरियरमधले आइसपॅकसुद्धा आम्ही फ्रीझरमधून काढून लगेच भरत नाही. घाम सुटू देतो, हलवल्यावर आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं की मगच भरतो. तुम्ही सरळ जिथे लस ठेवलेली आहे तिथेच आप्पांना न्या आणि फ्रीजमधून काढून समोर टोचून घ्या.

शुगर आणि आधी न्यूमोनिया झालेला आहे, तर न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लसही डॉक्टरांना विचारा. ती वेगळी असते.

नेरना_भो, 5 मे, सकाळी 8:02

मनी माय सांगस, दही खावानं आन काम करानं, सुई टोचीसन काय व्हस?

मायचं वय 68, आजपर्यंत दवाखाना पाहिला नाही. रोज वाटीभर दही आणि दुपारी ताक. मग दह्यातही तेच जंतू असतात ना? 900 रुपये कशाला घालवायचे? मनापासून विचारतोय, कारण मलाही मायला लस द्यायची आहे आणि ती ऐकत नाही.

चुलीवरची_साय, 5 मे, दुपारी 1:30

भाऊ, तुमच्या माय मोठ्या भाग्याच्या. दह्याचं मी सांगते, चाळीस वर्षं रोज लावतेय.

मे महिन्यात दुधाला बोट सोसेल इतकंही गरम ठेवायचं नाही, कोमटच्याही खाली. विरजण मोहरीएवढं. संध्याकाळी सहाला लावलं की नऊला भांडं हलवून बघायचं, कडेपासून सुटून एकसंध थरथरलं की लगेच माठाशेजारी पाण्याच्या परातीत ठेवायचं. अर्धा तास उशीर झाला तर आंबट ढाण होतं आणि वर पिवळं पाणी सुटतं. थंडीत तेच दूध गोधडीत गुंडाळून रात्रभर ठेवावं लागतं, तरी सकाळी कवडी पडलेली नसते. सांगायचं काय, तर विरजण तेच असलं तरी उन्हाळ्यातलं दही वेगळं आणि हिवाळ्यातलं वेगळं. आमच्या शेजारणीचं आणि माझं विरजण मुळात एकाच घरचं, तरी दोघींच्या दह्याची चव जुळत नाही. मग त्यातले जंतू सारखे कसे असतील?

सर, हे बरोबर आहे का?

पांझराकाठ, 5 मे, रात्री 10:05

साय ताई, तुम्ही जे लिहिलं ते मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तासभर समजावतो. अगदी बरोबर.

2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले असता ज्यांचा आरोग्याला फायदा होतो, ते प्रोबायोटिक. त्यात "फायदा होतो" हे त्या ठरावीक वाणावर तपासलेलं असावं लागतं. घरच्या दह्यात लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, लॅक्टोबॅसिलस सगळे असतात, पण कुठलं वाण आणि किती, ते प्रत्येक घरी, प्रत्येक ऋतूत बदलतं. अन्न म्हणून दही उत्तमच. लशीचा असर वाढवतं म्हणून मात्र त्याला क्रेडिट देता येत नाही. आणि नेरचे भाऊ, कढी उकळली की त्यातले बहुतेक जिवाणू मेलेले असतात. फुनक्यांसोबत ती खावी, चवीसाठी खावी.

वाणाचं महत्त्व खान्देशात कुणाला सांगायला नको. बामणोदकडचं हिरवट भरताचं वांगं आणि बाजारातलं जांभळं वांगं, दोन्ही वांगीच. पण जांभळ्याचं तसं भरीत होत नाही. लॅक्टोबॅसिलस केसी नुसतं लिहून भागत नाही, पुढचा 431 किंवा शिरोटा हा भाग म्हणजेच वाण. एका वाणाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

मायबद्दल. 68 वर्षं दवाखाना पाहिला नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण साठीनंतर नव्या विषाणूला तोंड द्यायची ताकद आपोआप उतरते. दही खाणाऱ्याचीही उतरते. म्हणूनच वयस्कांना लस सांगतात. त्यांना म्हणा, दही सोडू नका, सुई त्याच्या जोडीला आहे.

केळीबागेची_लेक, 5 मे, रात्री 10:50

सर, सिस्टर, साय मावशी, सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने पाकिटाचा फोटो पाठवलाय. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, लॅक्टिक ॲसिड बॅसिलस 60 दशलक्ष स्पोअर्स, आणि सोबत बी कॉम्प्लेक्स. ही तुम्ही सांगितलेल्या वाणांपैकी आहेत का?

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. तीन आठवड्यांपूर्वी आप्पांना खोकला झाला होता, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं होतं. पोटातली वस्ती त्याने मरते असं ऐकलंय. मग लस वाया जाईल का? की अशा वेळी या कॅप्सूल उलट जास्त गरजेच्या?

आकडेमोड, 6 मे, सकाळी 6:40

भुसावळहून नमस्कार. थोडी दुसरी बाजू मांडतो. पांझराकाठ सर दोन नकारात्मक चाचण्यांवर जास्त भर देताहेत असं वाटतं. 2018 साली 20 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, जवळपास दोन हजार प्रौढांचं. त्यात प्रोबायोटिक किंवा प्रीबायोटिक (पोटातल्या जिवाणूंचं खाद्य) घेणाऱ्यांमध्ये लशीनंतरची प्रतिपिंडं जास्त निघाली. 20 चाचण्या मिळून हो म्हणत असतील तर दोनांसाठी ते बाजूला कसं ठेवायचं? दुष्परिणाम नाहीत, मग 71 वर्षांच्या माणसाला द्यायला हरकत काय? लस तर द्यायचीच, त्याबद्दल वाद नाही.

पांझराकाठ, 6 मे, रात्री 9:30

आकडेमोड, रास्त प्रश्न आहे. बाजूला ठेवायचं नाहीच. मी ते विश्लेषण खोटं म्हणत नाही, त्यातून निघतं तेवढंच घ्यावं म्हणतो.

त्या 20 चाचण्यांत वेगवेगळी वाणं आहेत, काहींत जिवाणू नाहीतच, नुसते त्यांचं खाद्य असलेले तंतू आहेत. दिवस वेगळे, वयं वेगळी, लशी वेगळ्या. सरासरी काढली की "प्रोबायोटिक" नावाचं एक औषध असल्यासारखं वाटतं. दुकानात मात्र सरासरी मिळत नाही, एक पाकीट मिळतं.

दुसरं, मोजलं काय? रक्ताचं पाणी पातळ करत जायचं आणि किती पातळ केल्यावरही ते विषाणूला रक्तपेशींना चिकटू देत नाही ते बघायचं, त्याला टायटर म्हणतात. चाळीसपट पातळ करूनही काम केलं तर ढोबळमानाने निम्मं संरक्षण मानतात. हा आकडा वाढला म्हणजे आप्पा दवाखान्यात जाणार नाहीत, असं थेट म्हणता येत नाही. आकडा न वाढताही थोडा फायदा असू शकतो, तेही खरं. त्या 1104 जणांच्या चाचणीत सर्दी-खोकल्याची लक्षणं सरासरी 7.3 ऐवजी 6.4 दिवस राहिली. तुमच्या बाजूने हा मुद्दा मी स्वतःच देतो.

ताई, आता तुमचं पाकीट. लॅक्टिक ॲसिड बॅसिलस म्हणजे बॅसिलस कोॲग्युलन्स. हा बीजाणू करणारा जिवाणू आहे, उन्हात टिकतो, म्हणून आपल्याकडच्या दुकानांत सगळीकडे असतो. पण मी वर लिहिलेल्या एकाही चाचणीत तो नव्हता. शिवाय त्या चाचण्यांत रोज शेकडो कोटी जिवंत जिवाणू देत होते, तुमच्या कॅप्सूलमध्ये सहा कोटी आहेत. दुकानदाराने एका वाणाची कीर्ती दुसऱ्याला लावली, बहुधा त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल.

अँटिबायोटिकचा प्रश्न मला या सगळ्या धाग्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यावर माणसांवरचाच अभ्यास आहे, 2019 सालचा. 33 निरोगी तरुणांपैकी काहींना लशीच्या आगेमागे पाच दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक एकत्र दिली. पोटातले जिवाणू हजारो पटींनी घटले. पहिल्या गटातल्या लोकांच्या अंगात फ्लूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून भरपूर होती, त्यांना विशेष फरक पडला नाही. दुसरा गट मुद्दाम असा निवडला की ज्यांच्या अंगात आधीची प्रतिपिंडं कमी होती. त्यांच्यात एच1एन1 विरुद्धचा प्रतिसाद कमी पडला. म्हणजे शरीराला ओळख नसलेला पाहुणा असेल तेव्हा पोटाच्या वस्तीची मदत जास्त लागते, ओळखीच्याला जुनी आठवण पुरते. आप्पांनी सत्तर वर्षांत फ्लू अनेकदा पाहिलाय. एका साध्या पाच दिवसांच्या कोर्सला तीन आठवडे होऊन गेलेत. त्यासाठी लस अडवू नका.

कॅप्सूल उलट जास्त गरजेच्या का? 2018 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने बघितलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटात मूळची वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरच्याने जागा धरली की गावकऱ्याला परतायला उशीर होतो. म्हणून "घेतलं तर नुकसान काय" हे वाक्य मला पटत नाही. नुकसान मोठं नाही, पण शून्यही नाही.

मला खरी कळकळ आहे ती वेगळ्या गोष्टीची. साध्या विषाणूच्या सर्दीला आपल्याकडे जे सर्रास अँटिबायोटिक मागितलं जातं आणि दिलं जातं, ते थांबवलं तर पोटातल्या वस्तीचं जेवढं भलं होईल तेवढं कुठल्याच पाकिटाने होणार नाही. त्यात पेशंटही दोषी आहेत. "गोळी जोराची द्या" असं आपणच म्हणतो.

आणि एक विचारायचं होतं. आप्पा रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला जातात का?

केळीबागेची_लेक, 6 मे, रात्री 9:52

हो सर, जातात! आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट असते. बारा-साडेबाराला उठून बागेत जातात, ठिबकचे व्हॉल्व बदलायला. मोटार भावाला जमते, पण त्यांना झोप येत नाही स्वतः बघितल्याशिवाय. का हो?

पांझराकाठ, 6 मे, रात्री 10:15

2002 साली शिकागोच्या संशोधकांनी 25 तरुणांवर प्रयोग केला होता. काहींना चार रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि मग फ्लूची लस दिली, पुढेही दोन रात्री तसंच. दहाव्या दिवशी त्यांची प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. तीन-चार आठवड्यांत हा फरक भरून निघाला, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही. पण लशीच्या आठवड्यात रात्रीचं पाणी भावाकडे द्या. हे फुकट आहे.

मायसाठी, 7 मे, सकाळी 9:05

मी चाळीसगावची. माझ्या आईची केमो सुरू आहे. तिलाही मैत्रिणीने प्रोबायोटिकचं पेय आणून दिलंय, रोज एक बाटली. हे सगळं वाचून भीती वाटायला लागली. द्यावं का?

शहाद्याची_सिस्टर, 7 मे, सकाळी 9:20

ताई, कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आज फोन करा. केमोत पांढऱ्या पेशी खाली गेल्या की जिवंत जिवाणूसुद्धा रक्तात शिरू शकतात. क्वचित होतं, पण झालेलं आहे. गळ्याला किंवा छातीला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर आणखी जपायचं. फ्लूची इंजेक्शनवाली लस मात्र मेलेल्या विषाणूची असते, त्याने फ्लू होत नाही. ती केमोच्या कुठल्या सायकलच्या मध्ये द्यायची ते डॉक्टर सांगतील. आणि तुम्ही घरातल्यांनी सगळ्यांनी लस घ्या, म्हणजे आजार आईपर्यंत पोहोचायची शक्यता कमी होईल.

शुगरवाल्यांसाठीही सांगते, त्या छोट्या बाटल्यांत साखर असते. मागचं लेबल वाचा.

मायसाठी, 7 मे, दुपारी 12:40

फोन केला. बंद करायला सांगितलं, आणि लशीची तारीख पुढच्या भेटीत ठरवू म्हणाले. सिस्टर, तुमचे उपकार.

आकडेमोड, 7 मे, रात्री 8:15

वाणाचा मुद्दा पटला. मी स्वतः घेत असलेल्या बाटलीचं लेबल आज पहिल्यांदा नीट वाचलं, त्यावर वाणाचा क्रमांकच नाही. मग पोटातल्या वस्तीसाठी खाण्यातून काय करावं? आपल्या जेवणात काही आहे का?

पांझराकाठ, 7 मे, रात्री 9:40

भरपूर आहे. आतड्यातले जिवाणू आपण पचवू न शकलेल्या तंतूंवर आणि पिष्टावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना बळ देतात, हे उंदरांमध्ये दाखवलेलं आहे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद, डाळी, हरभरा, मेथी, शेंगदाणे. कच्च्या केळ्यात न पचणारं पिष्ट खूप असतं, पिकत गेलं की त्याची साखर होते. रावेर-यावलच्या लोकांना कच्च्या केळ्याची भाजी मी काय सांगणार. भाकरी खाल्ल्याने लशीचा टायटर वाढतो अशी चाचणी झालेली नाही, म्हणून तसा दावा मी करणार नाही. पण 900 रुपयांत महिन्याची डाळ येते.

नेरना_भो, 10 मे, संध्याकाळी 6:30

माय तयार झाली! पांझराकाठ सरांचं "दही सोडू नका, सुई त्याच्या जोडीला आहे" हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हणे, "आसं व्हई ते चाल." उद्या धुळ्याला नेतोय.

केळीबागेची_लेक, 17 मे, रात्री 8:45

उशिरा लिहितेय, गावी होते.

सगळा धागा आप्पांना ओट्यावर बसून वाचून दाखवला. उंदरांचं ऐकताना ते नुसते हुं हुं करत होते. पेरणीचं आलं तेव्हा मात्र थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे मास्तर शेतकऱ्याच्या घरचे दिसतात."

पाकीट फोडलेलं नव्हतं, भाऊ परत करून आला. दुकानदाराने कुरकुर न करता पैसे दिले. त्याला लेबलावरचं नाव आणि चाचण्यांतल्या वाणांची नावं भावाने मोबाइलवर दाखवली, तर त्याने ती स्वतःच्या वहीत लिहून घेतली.

रात्रीचं पाणी भावाने धरलं. पहिल्या रात्री आप्पा साडेबाराला उठून अंगणात येऊन उभे राहिलेच, आईने हाताला धरून आत आणलं. नंतर झोपले. मंगळवारी सकाळी नऊच्या आत, ऊन चढायच्या आधी रावेरला गेलो. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी खोकं मागून बघितलं, एसएच आणि यंदाचं वर्ष होतं, फ्रीजच्या दारावरच्या थर्मामीटरवर 5 डिग्री. लस समोर काढली आणि टोचली. डॉक्टरांनी न्यूमोकोकलची महिन्याभराने द्यायचं ठरवलंय. त्या रात्री दंड दुखला आणि अंग थोडं कोमट वाटलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ते बागेत होते.

संध्याकाळी जेवताना ताकाचा पेला खाली ठेवला आणि आईकडे बघत मला म्हणाले, "तुह्या मायले बी टोच. तिचं कोनी पाहत नाही."

आईचं नाव शनिवारचं लावलंय.